काजळी हवी असलेल्या ज्योतीची गोष्ट

संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा त्यात लिहिलं होतं, "आठवणी सगळेच लिहितील. तू तुझ्या विषयातलं काहीतरी लिही." माझा रोजचा विषय म्हणजे सॉफ्टवेअर. त्यावर लिहिलं तर अर्धा वर्ग पान उलटेल, आणि उरलेला अर्धा वर्ग स्वतःच त्या धंद्यात असल्यामुळे चुका काढत बसेल. म्हणून मी माझ्या पदवीच्या विषयाकडे, केमिकल इंजिनिअरिंगकडे वळते आहे. शेवटच्या वर्षी सेमिनारसाठी मला 'कार्बन ब्लॅक' हा विषय मिळाला होता. यादीतले चांगले विषय मुलांनी आधीच उचलले होते आणि हा उरला होता. कॉलेजच्या वाचनालयातली जुनी, धूळ खाल्लेली पुस्तकं चाळताना या विषयात मी अशी काही गुंतले, की नोकरी संगणकाची लागली तरी तो डोक्यातून गेला नाही.

खरं सांगायचं तर या विषयाची सुरुवात कॉलेजात झाली नव्हती. ती आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत, आठवीत झाली होती.

तुम्हाला आठवत असेल, प्रयोगशाळेत गॅसचा बर्नर एकच होता आणि तो हाताळायचा मान आळीपाळीने मिळे. आपल्यातल्या एकाने (नाव सांगत नाही, तो आज बहुधा पहिल्या रांगेत बसलेला असेल) बर्नरचं हवेचं भोक बंद ठेवूनच परीक्षानळी ज्योतीत धरली. ज्योत पिवळी, लांबलचक, डुलणारी. बघता बघता नळी काळीकुट्ट झाली. सगळे हसले. विज्ञानाच्या बाई रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी ती नळी हातात घेतली, बोटाने काजळी पुसून पाहिली आणि विचारलं, "एवढा गॅस जळला आणि एवढीशीच काजळी हाताला लागली. उरलेलं गेलं कुठं?"

"हवेत, बाई."

"हवेत म्हणजे कुठं?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. आज जी गोष्ट सांगते आहे ती या दुसऱ्या प्रश्नाची आहे. तो प्रश्न एका अख्ख्या उद्योगाला साठ-सत्तर वर्षं पुरला.

चांगली ज्योत आणि वाईट ज्योत

बर्नर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निळी ज्योत येते. स्वयंपाकघरात ज्योत पिवळी झाली की आपण बर्नर काढून भोकं साफ करतो. आपल्या आया स्टोला पिन मारायच्या. पातेल्याचं बूड काळं झालं म्हणजे जळण नीट होत नाही, हे शिकवायला पुस्तक लागत नव्हतं.

पण ही निळी ज्योत तशी अलीकडची आहे. हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेन यांच्यासाठी तिथले यंत्रकार पीटर देसागा यांनी १८५५ च्या सुमारास तो प्रसिद्ध बर्नर बनवला. त्यात गॅस जळण्याआधीच हवेशी मिसळतो आणि काजळी धरत नाही. त्याआधीच्या सगळ्या ज्योती म्हणजे वात, मेणबत्ती, मशाल, रस्त्यावरचा गॅसचा दिवा. त्या सगळ्या पिवळ्या होत्या, आणि त्यांचा उजेड त्या पिवळेपणातच होता. ज्योतीत कार्बनचे अतिसूक्ष्म घन कण तापून लखलखतात म्हणून ती उजळ दिसते, हे हम्फ्री डेव्ही यांनी खाणकामगारांच्या सुरक्षित दिव्यावर काम करताना, १८१६-१७ च्या सुमारास ओळखलं. पुढे मायकेल फॅरडे यांनी मेणबत्तीवरच्या आपल्या गाजलेल्या नाताळ व्याख्यानांत मुलांसमोर ज्योतीच्या पोटातून ही काजळी बाहेर काढून दाखवली. ज्योतीच्या आत कार्बन तयार होतो, तापतो, उजेड देतो आणि टोकाशी पोचेपर्यंत जळून जातो. कागद किंवा थंड पत्रा मध्ये आडवा घातला की तो जळण्याआधीच पकडला जातो.

हे आपल्या आज्यांना फॅरडेच्या आधीपासून ठाऊक होतं. माझी आजी काजळ धरायची ते मी पाहिलं आहे. दोन विटांच्या मध्ये एरंडेलाचा दिवा, वर तांब्याचं ताम्हन उपडं, आणि ताम्हनाच्या पाठीवर ओलं फडकं. दिवा आणि ताम्हन यांच्यात किती अंतर ठेवायचं, असं मी विचारलं की ती हात आडवा धरून दाखवायची, "चार बोटं." जास्त अंतर ठेवलं तर काजळ धरत नाही, कमी ठेवलं तर ते तेलकट येतं. हे चार बोटांचं माप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काजळी गोळा करण्याच्या जुन्या पद्धतींची वर्णनं जगभर सापडतात. रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथाच्या सातव्या भागात काळा रंग करायची भट्टी सांगितली आहे. भट्टीत राळ जाळायची आणि धूर शेजारच्या बंद खोलीत सोडायचा. भिंतींवर धरलेली काजळी खरवडून डिंकात कालवली की शाई, आणि सरसात कालवली की भिंतीचा रंग. चीनमध्ये सुंग यिंगशिंग याने १६३७ च्या आपल्या ग्रंथात पाइनचं लाकूड जाळून शाईची काजळी कशी धरायची ते लिहिलं आहे. बांबूचा लांबच लांब बोगदा, एका टोकाला आग. आगीपासून सर्वांत दूरच्या टोकाला जी काजळी बसते ती सर्वांत बारीक, म्हणून ती उत्तम शाईला. आगीजवळची जाडीभरडी असते, ती हलक्या कामाला.

म्हणजे दोन गोष्टी फार पूर्वीच कळल्या होत्या. एक, काजळी मिळवायची तर ज्वलन अर्ध्यावर थांबवावं लागतं. दोन, काजळी सगळी सारखी नसते. ती कुठे आणि कशी धरली यावर तिचा दर्जा ठरतो. पुढचं सगळं इंजिनिअरिंग या दोन वाक्यांत बसतं.

गॅसच्या विहिरींवरचे पत्र्याचे वाडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या भागात तेलासाठी विहिरी खणल्या जात होत्या. तेलाबरोबर नैसर्गिक वायू यायचा. तो लांब नेण्याची सोय नव्हती, त्यामुळे त्याला किंमत नव्हती. १८७२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू कंबरलंड इथे या वायूपासून काजळी धरायचा कारखाना निघाला. १८८० च्या दशकात बॉस्टनच्या गॉडफ्रे लोवेल कॅबट यांनी पेनसिल्व्हेनियात हाच धंदा सुरू केला. त्यांच्या नावाची कंपनी आजही कार्बन ब्लॅक बनवते.

सुरुवातीला ज्योती फिरत्या लोखंडी तबकड्यांवर किंवा रुळांवर धरून काजळी खरवडत. मग १८९२ मध्ये मॅकनट यांनी जी रचना केली ती पुढची पन्नास वर्षं टिकली. आपल्याकडे फॅब्रिकेशनवाले ज्याला सी चॅनेल म्हणतात तो लोखंडी पन्हळीसारखा गज घ्यायचा, त्याची सपाट पाठ खाली करायची आणि तिच्याखाली गॅसच्या ज्योतींची रांग लावायची. यावरून त्या काजळीचं नावच 'चॅनेल ब्लॅक' पडलं.

हे सगळं पत्र्याच्या लांबट, बुटक्या घरात चाले. एका घरात हजारो ज्योती, आणि एका कारखान्यात अशी घरं ओळीने उभी. चॅनेल हळूहळू पुढेमागे सरकत राहायचे. ठरावीक अंतरावर पट्ट्या बसवलेल्या असत, त्या चॅनेलच्या पाठीवरची काजळी खरवडून खालच्या नरसाळ्यात पाडत. तिथून मळसूत्रासारखा फिरणारा दांडा ती बाहेर ओढून नेई. कल्पना आजीच्या ताम्हनाचीच. फक्त ताम्हन फर्लांगभर लांब, आणि खरवडायला आजीऐवजी यंत्र.

ज्योत बिघडवायची कशी

आता बर्नरकडे येऊ. माझ्या सेमिनारचा सगळ्यात रंगलेला भाग हाच होता. बाकी सगळे इंजिनिअर ज्योत सुधारायच्या मागे असतात, इथे मात्र ज्योत बिघडवायची होती. आणि नेमकी किती बिघडवायची हे ठरवणं ती सुधारण्यापेक्षा कठीण होतं.

पहिला प्रश्न ज्योतीच्या आकाराचा. गोल भोकातून आलेली ज्योत जाड असते, तिच्या पोटातल्या गॅसला हवा उशिरा मिळते. त्याऐवजी बर्नरच्या टोकाला बारीक चीर ठेवली तर ज्योत पंख्यासारखी, माशाच्या शेपटीसारखी पातळ आणि रुंद पसरते. हा आकार नवा नव्हता. घराघरांत गॅसचे दिवे होते तेव्हा जास्त उजेड मिळावा म्हणून दिव्यांच्या कारागिरांनी तो शोधला होता. जास्त उजेड म्हणजे ज्योतीत जास्त कार्बन, हे आपण वर पाहिलंच. १८८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांनी गॅसच्या दिव्याचं मँटल काढलं, पाठोपाठ वीज आली, आणि पिवळ्या ज्योतीचे दिवे मागे पडले. पण त्या दिव्यांच्या टोकांचं सगळं कसब काजळीच्या कारखान्यांना जसंच्या तसं कामाला आलं.

दुसरा प्रश्न टोक कशाचं करायचं. लोखंडाचं टोक तापून गंजतं आणि चिरेची रुंदी बदलते. चीर बदलली की ज्योत बदलते, ज्योत बदलली की काजळी बदलते. हजारो ज्योतींमध्ये प्रत्येकीची तऱ्हा वेगळी झाली तर पोत्यात काय भरलं आहे हे कुणीच सांगू शकणार नाही. म्हणून टोकं शंखजिऱ्याची करत. हा मऊ दगड सहज कोरता येतो आणि भाजला की कणखर होतो. मग तो गंजत नाही, झिजत नाही. व्यापारात त्या टोकांना 'लाव्हा' म्हणत, ज्वालामुखीशी त्यांचा काही संबंध नसला तरी.

तिसरा प्रश्न अंतराचा. टोकापासून चॅनेलपर्यंत किती जागा ठेवायची? जवळ ठेवलं तर कार्बन पुरता तयार होण्याआधीच ज्योत थंड पडते आणि काजळीत डांबरासारखा चिकटपणा राहतो. लांब ठेवलं तर तयार झालेला कार्बन चॅनेलला पोचण्याआधीच जळून जातो. कारखान्यांनी अनुभवाने जे अंतर धरलं ते साधारण ३ इंचांच्या आसपासचं. हे पुस्तकात वाचलं तेव्हा मी वाचनालयातच हात आडवा धरून पट्टीने मोजला. चार बोटं बरोबर ३ इंच भरली.

चौथा प्रश्न हवेचा, आणि तोच सगळ्यात त्रासाचा. पत्र्याच्या घराला खाली फटी आणि वर झरोके असत, ते कमीजास्त उघडून आत येणारी हवा राखायची. हवा जास्त झाली तर काजळी जळते. कमी झाली तर ज्योत विझू पाहते आणि माल बिघडतो. त्यात गॅसचा दाब अगदी हलका ठेवायचा आणि बाहेर मोकळ्या माळावर वारा सुटलेला. विहिरीतून येणाऱ्या गॅसची जात बदलली, त्यात जड वायूंचं प्रमाण वाढलं, की पुन्हा सगळी मापं नव्याने. हे सगळं माणसं ज्योतीकडे बघून करत. ज्योतीत काजळी नेमकी कशी जन्मते, लहान रेणूंची कडी कशी जुळतात, त्यांचे कण सेकंदाच्या हजाराव्या भागांत कसे वाढतात, याचं शास्त्र तेव्हा कुणाकडेच नव्हतं. आजही त्यावर संशोधन चालू आहे.

एवढ्या खटाटोपातून हाती काय यायचं? टोकाची चीर लहान ठेवून, ज्योत छोटी करून धरलेली काजळी विलक्षण बारीक असे. रबरासाठी वापरायच्या चॅनेल ब्लॅकचा एक कण मीटरच्या अब्जाव्या भागाच्या पंचवीस-तीस पट. आपल्या एका केसाच्या जाडीत असे दोन-तीन हजार कण शेजारी शेजारी मावतील.

खडू, टायर आणि काळा रंग

सुरुवातीला या काजळीचं गिऱ्हाईक म्हणजे छपाईची शाई, रंग, बूट पॉलिश. आपल्या फळ्याला दर जूनच्या आधी जो काळा रंग फासला जायचा, त्या जातीच्या रंगातही काजळीच असते. फळ्याचा आणि काजळीचा आणखी एक संबंध मला फार आवडतो. बिनी अँड स्मिथ ही अमेरिकन कंपनी कार्बन ब्लॅक विकायची. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिच्या कार्बन ब्लॅकला सुवर्णपदक मिळालं. याच कंपनीने १९०२ मध्ये शाळांसाठी धूळ न उडणारा पांढरा खडू काढला, आणि पुढच्या वर्षी रंगीत मेणखडूंची पेटी बाजारात आणली. क्रेयोला हे त्या पेटीचं नाव. कंपनीचे भागीदार एडविन बिनी यांच्या पत्नी ॲलिस या शिक्षिका होत्या आणि हे नाव त्यांनीच सुचवलं. जगातला सगळ्यात काळा पदार्थ विकणाऱ्यांनी मुलांच्या हाती रंगाची पेटी दिली.

पण काजळीचं नशीब फिरलं ते रबरामुळे. सुरुवातीचे टायर पांढरट असत, रबरात झिंक ऑक्साइड घालत म्हणून. १९०४ च्या सुमारास लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन इथल्या रबर कारखान्यात एस. सी. मोट यांना दिसलं, की रबरात बारीक कार्बन ब्लॅक मिसळलं तर ते झिजायला कितीतरी चिवट होतं. साधारण १९१० नंतर अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने हे तंत्र टायरमध्ये आणलं. मोटारगाड्यांचा काळ नुकताच सुरू होत होता. टायरचं आयुष्य अनेक पटींनी वाढलं, आणि काजळीची मागणी शाईच्या बाटलीतून निघून रेल्वेच्या वाघिणींत मोजली जाऊ लागली. आपल्या सायकलीपासून एसटीपर्यंत सगळ्यांचे टायर काळे का, याचं उत्तर हेच.

उरलेलं गेलं कुठं

आता बाईंचा प्रश्न.

१००० घनफूट नैसर्गिक वायूत सुमारे १४ किलो कार्बन असतो. चॅनेलच्या पद्धतीने त्यातून हाती लागायचा अर्धा-पाऊण किलो. म्हणजे शंभरातले तीन ते पाच. बाकीचा सगळा कार्बन डायऑक्साइड होऊन, किंवा चॅनेलला न चिकटलेल्या काजळीच्या रूपाने, झरोक्यांतून वर जायचा. ज्योतींची उष्णताही तशीच वाया. माळावर मैलोन् मैल अंतरावरून कारखान्याचा काळा ढग दिसायचा.

बर्नरचं टोक, चीर, अंतर, हवा यांवर इतकी बारकाईने मेहनत घेणाऱ्या माणसांना हा आकडा माहीत नव्हता का? पुरता माहीत होता. पण त्यांचा हिशेब सरळ होता. वायूला किंमत नाही, तो नाहीतरी विहिरीवर पेटवूनच देतात, मग आम्ही त्यातून काहीतरी उपयोगाचं काढतो तर बिघडलं कुठं? हे म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. वायूवाहिन्या नव्हत्या तिथे तो खरंच फुकट जात होता. पण वेस्ट व्हर्जिनियातला वायू महाग होऊ लागला, तसा हा उद्योग लुइझियानात गेला. तिथून १९२० च्या दशकात टेक्सासच्या उत्तर टोकाला. स्वस्त वायू जिथे, तिथे पत्र्याची घरं.

पहिला जाहीर सवाल वायोमिंग राज्याने केला. १९१९ मध्ये तिथे कायदा झाला की गाव किंवा कारखान्यांपासून दहा मैलांच्या आत असलेल्या विहिरीचा वायू, त्याची उष्णता कामी न लावता, नुसता काजळीसाठी जाळता येणार नाही. कंपनी कोर्टात गेली. विहीर आमची, वायू आमचा, माल किमतीचा, मग सरकारचा काय संबंध? खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२० मध्ये न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. नैसर्गिक संपत्तीची नासाडी थांबवायचा राज्याला अधिकार आहे, असा त्याचा अर्थ. पुढे टेक्सासनेही १९३५ च्या कायद्याने चांगला वायू काजळीसाठी वापरायला बंदी केली आणि गंधकयुक्त वायू, ज्याला तिकडे 'आंबट' वायू म्हणतात, तेवढाच या कामाला मोकळा ठेवला. दरम्यान १९३१ मध्ये टेक्सासपासून शिकागोपर्यंत वायूवाहिनी पोचली होती. फुकट समजल्या जाणाऱ्या वायूला आता शहरातल्या चुली गिऱ्हाईक होत्या.

आणि माणसं? अमेरिकन सरकारसाठी फोटो काढणाऱ्या जॉन व्हॅशन यांनी १९४२ मध्ये टेक्सासमधल्या सनरे इथल्या कार्बन ब्लॅकच्या कामगाराचा फोटो काढला आहे. चेहरा काजळीने माखलेला, आणि त्यातून डोळे तेवढे आपल्याकडे बघताहेत. शंभरातल्या पंच्याण्णवांचा थोडा हिशेब त्या चेहऱ्यावर आहे. आज कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था कार्बन ब्लॅकला माणसासाठी कर्ककारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत धरते. त्या कामगाराला हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

दोन कामं, दोन ज्योती

या कोड्याची उकल कायद्याने सुरू केली, पण ती पुरी केली नव्या बर्नरने.

चॅनेलच्या पद्धतीची मूळ अडचण अशी, की एकाच गॅसवर दोन कामं लादली होती. त्याने जळून उष्णता द्यायची आणि न जळता कार्बनही द्यायचा. टेक्सासच्या बोर्गर इथे फिलिप्स पेट्रोलियम कंपनीत जोसेफ क्रेजी यांनी जी भट्टी तयार केली तिच्यात ही कामं वेगळी केली. १९४३ मध्ये ती चालू झाली. बंद भट्टीत गॅस भरपूर हवेसह जाळायचा, अगदी स्वच्छ, बुन्सेन यांना आवडेल असा. ही जळती हवा भट्टीच्या कडेने भोवऱ्यासारखी फिरवत आत सोडायची. मधल्या झोतात जड खनिज तेल फवारायचं. त्या धगीत तेलाचे रेणू फुटून कार्बनचे कण होतात, आणि फिरती आग भिंतीला लागून असल्यामुळे कण भिंतीवर चिकटत नाहीत. मग पुढे पाण्याचा फवारा मारून प्रक्रिया क्षणात थांबवायची. आजीचं ओलं फडकं इथे पाण्याचा फवारा झालं. फवारा किती लवकर मारायचा यावर कणांचा दर्जा ठरवता येतो.

तेलातल्या कार्बनपैकी निम्मा आणि त्याहूनही जास्त हाती येऊ लागला. शंभरातले पाच कुठे आणि पन्नास-साठ कुठे! धूर झरोक्यातून सोडायची गरज उरली नाही. तो गाळून काजळी वेगळी करायची आणि उरलेला वायू जाळून वाफ करायची. दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबराचे टायर बनू लागले होते, आणि ही नवी काजळी त्या रबराला चांगली मानवली. चॅनेलच्या घरांचा काळ संपत आला. अमेरिकेतला शेवटचा चॅनेल कारखाना १९७६ मध्ये बंद झाला.

भारतात हा उद्योग आला तोच भट्टीच्या रूपाने. १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिलिप्स कार्बन ब्लॅक या कंपनीने पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरला कारखाना काढला. आज आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेलाही कार्बन ब्लॅक बनतं. प्रदूषणाचे प्रश्न संपले असं मुळीच नाही, तेल जाळून कार्बन करणं हे काही निर्मळ काम नव्हे. पण उरलेलं कुठे जातं हे मोजायची, लिहायची आणि त्याचा जाब द्यायची रीत तरी पडली आहे.

बाईंना

सेमिनारमध्ये मी हे सगळं बोलले तेव्हा सरांनी चांगले मार्क दिले आणि मी तो विषय मिटवला. पंधरा-सोळा वर्षांनी ऑफिसात एक गोष्ट घडली. आमची टीम एक मोठी यंत्रणा सांभाळत होती. ती रोज रात्री ढीगभर अहवाल तयार करायची, आणि आम्ही सगळे ती वेगाने कशी चालेल यामागे लागलो होतो. चीर बारीक कर, अंतर बदल, हवा राख, असंच म्हणा ना. एका रात्री सहज मोजून पाहिलं, तर त्या अहवालांपैकी शंभरातले चार-पाचच कुणीतरी कधी उघडून बघत होतं. बाकीचे तयार होऊन पुसले जात होते. वीज, यंत्रं, आमच्या रात्री, सगळं झरोक्यातून वर. हे मोजायला मला दोन वर्षं लागली, कारण तोवर तो प्रश्न मी विचारलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी बैठकीत मी म्हटलं, "उरलेलं जातं कुठं ते आधी लिहू या." बोलून गेल्यावर लक्षात आलं की हे वाक्य माझं नाही.

काजळीच्या कारखान्यांतली माणसं मूर्ख नव्हती. एका दगडी टोकाच्या चिरेवर त्यांनी आयुष्यं घालवली आणि जगाला चालते टायर दिले. त्यांनी फक्त पोत्यात पडलेलं मोजलं. आपणही बहुतेक वेळा तेवढंच मोजतो. परीक्षेतही आपण तेच करत होतो, आणि बाई, तुम्ही मात्र वहीत निरीक्षणाखाली एक ओळ जास्तीची लिहायला लावायचात. तेव्हा ती आम्हाला शिक्षा वाटायची.

मेळाव्याला प्रयोगशाळा उघडणार आहेत असं कळलं. तो बर्नर अजून असेल तर एकदा त्याचं हवेचं भोक बंद करून पुन्हा ती पिवळी ज्योत बघायची आहे. परीक्षानळी धरायचा मान अर्थातच पहिल्या रांगेतल्या त्याचा. आणि प्रश्न विचारायला बाई हव्यात.